पंचगंगेच्या काठावर पूर-असुरक्षिततेचा नकाशा कसा करावा: नवख्यांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापुरात हे दोन आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण पट्टीवर ४३ फूट दिसत असतात, तेव्हा करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावातून माणसं सामान बांधून निघालेली असतात, शेजारच्या गावाचा फक्त बंधाऱ्यावरचा रस्ता गेलेला असतो आणि शिरोळकडच्या एखाद्या गावात पाणी पोहोचायला अजून वेळ असतो. जिल्ह्याचा एक आकडा गावाच्या निर्णयाला पुरत नाही. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या वर. दोन्ही वेळा बोट कुठे आधी पाठवायची, जनावरं कुठून आधी हलवायची, हे प्रश्न पाणी दारात आल्यावर सोडवावे लागले. ते उन्हाळ्यातच सोडवून ठेवता येतात.

हा लेख त्यासाठी आहे. भूगोल किंवा स्थापत्य शिकणारे विद्यार्थी, ग्रामपंचायतीत काम करणारे, तरुण मंडळाचे कार्यकर्ते, कुणीही हे काम करू शकतं. एक साधा लॅपटॉप, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर आणि गावोगाव फिरायची तयारी एवढं लागतं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक अभ्यासांत तीच गाळलेली असते.

पहिली पायरी: प्रश्न नेमका करा

पाणी कुठे येतं आणि आलेल्या पाण्यात कोण अडकतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर म्हणजे पूरप्रवणतेचा नकाशा, दुसऱ्याचं म्हणजे असुरक्षिततेचा. एकाच गल्लीत दोन घरांत चार-चार फूट पाणी शिरलं. एक घर आरसीसीचं, वर माडी, दारात चारचाकी. दुसरं पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, गोठ्यात तीन म्हशी, आत अंथरुणाला खिळलेली म्हातारी. पाण्याचा नकाशा या दोघांना एकच रंग देतो. तुमच्या नकाशात त्यांचे रंग वेगळे दिसले पाहिजेत.

नकाशा कोणत्या निर्णयासाठी करताय, ते एका वाक्यात लिहून काढा. उदाहरणार्थ: ‘शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांपैकी कोणत्या गावांतून आधी स्थलांतर सुरू करायचं?’ या वाक्यावरून मोजमापाचं एकक ठरतं (इथे गाव, कोल्हापूर शहरासाठी प्रभाग किंवा गल्ली) आणि कोणती माहिती लागेल तेही ठरतं. हे वाक्य नसेल तर तुम्ही सापडेल ती सगळी माहिती गोळा करत बसाल.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअर उघडण्याआधी नदी समजून घ्या

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते (पाचवी सरस्वती, ती गुप्त मानली जाते) आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पाऊस पडतो तो पश्चिमेला, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या भागात. पूर साचतो तो पूर्वेच्या सपाटीवर. राधानगरी धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि भोगावतीत पाणी वाढतं. त्याच वेळी कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही. मागे फूग चढते आणि पाणी दिवसचे दिवस हटत नाही.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. छापून येणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत निकषांच्या यादीत ‘पाऊस’ अगदी वर असतो. तोच निकष गाववार लावला तर इथे गगनबावडा सर्वांत धोक्यात दिसेल आणि शिरोळ सर्वांत सुरक्षित, कारण शिरोळमध्ये पाऊस गगनबावड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पडतो. प्रत्यक्षात महापुरात बुडतं ते शिरोळ. गावातला पाऊस हा निकष या खोऱ्यात ठेवूच नका. हवाच असेल तर गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या पूर्ण पाणलोटातला पाऊस घ्या. मात्र तोही शेजारशेजारच्या गावांत फरक दाखवू शकणार नाही.

चिपळूणशी तुलना करून पाहा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी काही तासांत बाजारपेठेत शिरलं. तिथे पाणी किती वेगाने चढतं हा निकष हवा. पंचगंगेचं पाणी बहुतेक वेळा इंचाइंचाने चढतं. इथे माणसाला निघायला वेळ मिळतो, पण तो निघत नाही आणि मग रस्ता जातो. म्हणून इथे ‘पाणी किती दिवस थांबतं’ आणि ‘रस्ता कधी तुटतो’ हे निकष वजनदार. निकष नदीवरून ठरवा, दुसऱ्या देशातल्या शोधनिबंधावरून नव्हे.

तिसरी पायरी: माहिती गोळा करा

उंचीसाठी कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचं ३० मीटरचं उंची-प्रतिमान (जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकाची उंची देणारा नकाशा) मोफत मिळतं. एसआरटीएम हे अंतराळयानातून रडारने मोजलेलं दुसरं प्रतिमान फेब्रुवारी २००० चं आहे. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाचंही मिळतं. घरं, रस्ते, पूल यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला मोफत नकाशा. जमीन वापरासाठी युरोपीय अवकाश संस्थेचं १० मीटरचं वर्ल्डकव्हर हा नकाशा. लोकसंख्येसाठी २०११ ची जनगणना: गाववार सहा वर्षांखालील मुलं, शेतमजूर, साक्षरता हे आकडे त्यात आहेत आणि घरांच्या यादीच्या तक्त्यांत भिंती कशाच्या, छप्पर कशाचं हेही आहे. हे आकडे जुने आहेत. त्यामुळे ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंद, अंगणवाडी ताई आणि आशा ताई यांच्याकडून ते ताजे करून घ्या. गावात आजारी, अपंग, गरोदर कोण आहे हे आशा ताईंइतकं नेमकं कुणालाच माहीत नसतं. फक्त ही नावानिशी माहिती नकाशावर टाकायची नाही. गावाचा एकूण आकडाच घ्या.

जलसंपदा विभागाच्या पूररेषाही मागून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. तुमचा नकाशा पूररेषेला पर्याय नाही. बांधकाम परवानगी, जमीन व्यवहार यांत पूररेषाच चालते.

आता उंचीबद्दल सावध करतो, कारण सगळे नवखे इथेच फसतात. धोका पातळी ४३ फूट, २०२१ चा कळस ५६ फूट. फरक १३ फुटांचा, म्हणजे सुमारे ४ मीटर. कोपर्निकस प्रतिमानाची जाहीर केलेली उंचीची अचूकताही ४ मीटरच्या आतली अशीच आहे. म्हणजे साधा पूर आणि महापूर यांत जेवढं अंतर, तेवढी चूक तुमच्या मूळ माहितीतच असू शकते. त्यातून हे प्रतिमान पृष्ठभागाचं आहे. घराचं छप्पर आणि झाडाचा शेंडा यांनाही ते जमीन समजतं. म्हणून ‘या प्रतिमानावरून ५० फुटांचा पूर काढला’ असं कुणी दाखवलं तर तो नकाशा पाहून घर रिकामं करू नका आणि कुणाला करायलाही सांगू नका. उंचीचं प्रतिमान गावांचा क्रम लावायला उपयोगी आहे. नेमकी पातळी सांगायला नाही.

चौथी पायरी: क्यूजीआयएसमध्ये थर तयार करा

प्रकल्पाची निर्देशांक पद्धत (जागेचं ठिकाण आकड्यांत सांगायची पद्धत) यूटीएम विभाग ४३ उत्तर ठेवा; सॉफ्टवेअरमध्ये तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. नाहीतर अंतरं मीटरऐवजी अंशांत येतील. खोरं तालुक्याच्या सीमेवर कापू नका, पाणलोटाच्या सीमेवर कापा. पाण्याला तालुका कळत नाही. मग प्रतिमानातले खोटे खड्डे भरा, प्रवाहाची दिशा काढा, प्रवाहाचा संचय (प्रत्येक चौकोनात वरच्या किती चौकोनांचं पाणी येतं) काढा आणि त्यातून ओढे-नद्यांचं जाळं. संचयाची मर्यादा साधारण एक चौरस किलोमीटर ठेवली (३० मीटरच्या चौकोनात सुमारे ११०० चौकोन) तर मोठे ओढेही जाळ्यात येतात.

ओढे येणं आवश्यक आहे. कोल्हापुरात शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक या भागांत पाणी येतं ते बऱ्याच अंशी जयंती नाल्यातून, मागे फुगत. केवळ ‘नदीपासूनचं अंतर’ मोजलंत तर हे भाग पंचगंगेपासून दूर म्हणून सुटतील. उलट जुनं शहर उंचावर आहे, तिथे अंतर कमी असून उपयोग नाही.

यासाठी सर्वांत कामाचा थर म्हणजे ‘जवळच्या प्रवाहापासूनची उभी उंची’. एखादी जागा, तिचं पाणी ज्या ओढ्या-नदीला मिळतं त्याच्या पात्राच्या किती मीटर वर आहे, ते हा थर सांगतो. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा हा शंभर पटीने बोलका. क्यूजीआयएसमध्ये सागा किंवा व्हाइटबॉक्स टूल्स हे जोड बसवले की तो एका आज्ञेत निघतो. त्याच्या जोडीला प्रवाहापासूनचं अंतर, उतार आणि जमीन वापर हे तीन थर करा. चार पुरेत. बारा-पंधरा थर लावून नकाशा अचूक होत नाही, फक्त रंगीत होतो.

पाचवी पायरी: खरा पूर पाहा

सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह ढगांतून पाहतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या आधीची व पुरातली प्रतिमा गूगल अर्थ इंजिन या उपग्रह-प्रतिमांच्या ऑनलाइन सोयीवर शेजारीशेजारी ठेवा. शांत पाणी रडारमध्ये काळं दिसतं. आधी उजळ असलेली आणि पुरात काळी झालेली जागा म्हणजे पाण्याखाली गेलेली जमीन. बारमाही पाणी त्यातून वजा करा.

पण इथे उसाचा प्रश्न आहे. नदीकाठचं शिवार जवळपास सगळं उसाचं, आणि ऑगस्टपर्यंत आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. त्याच्या बुडाशी पाणी असलं तरी रडारला वर पालाच दिसतो आणि शेत कोरडं नोंदलं जातं. दाट वस्तीतही तसंच. भिंती आणि पाणी यांच्यावरून लहरी उसळून येतात आणि बुडालेली गल्ली उजळ दिसते. शिवाय पुराचा कळस आणि उपग्रहाची फेरी एकाच दिवशी येईलच असं नाही. म्हणून रडारचा नकाशा ‘निदान एवढं तरी बुडालं’ असा वाचायचा. जिथे पाणी दिसत नाही तिथे ते नव्हतंच, असा अर्थ काढायचा नाही.

सहावी पायरी: पायी फिरा

ही पायरी घाईने उरकू नका. पूरग्रस्त गावांत भिंतींवर, शाळेच्या खांबांवर, देवळाच्या कमानीवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अजून दिसतात किंवा रंगाने रेघ मारून ठेवलेल्या असतात. प्रत्येक खुणेची जागा फोनवर नोंदवा. उंची मात्र फोनवर पाहू नका, ती भरवशाची नसते. टेपने जमिनीपासून खुणेपर्यंत मोजा.

मग माणसांशी बोला. एक प्रश्न सोन्यासारखा आहे: ‘राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं?’ काठावरची माणसं याचं उत्तर ताडकन देतात. खाली शिरोळकडे विचारताना नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी कुठवर चढलं की उंबऱ्याला लागतं, असं विचारा. तिथे राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यापेक्षा कृष्णेची पातळी जास्त सांगते. पुढचे प्रश्न: गावाबाहेर पडायचे रस्ते किती आणि कोणता कधी जातो? पाणी किती दिवस थांबलं? जनावरं कुठे नेली? तुम्ही कुणाकडे गेलात?

रस्त्यांचा प्रश्न खोदून विचारा. आपले कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे हेच अनेक गावांचे पूलही आहेत, आणि पुरात सर्वांत आधी पाण्याखाली जातात तेच. नकाशावर तीन रस्ते असलेल्या गावाचे दोन रस्ते बंधाऱ्यांवरून जात असतील तर त्या गावाला खरा रस्ता एकच. मोठे रस्तेही धरून चालू नका. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला होता.

जनावरांचा प्रश्नही तितकाच. लोक ‘हट्टाने’ मागे राहतात असं बाहेरून वाटतं. गोठ्यात दुभती म्हैस असते, ती बोटीत बसत नाही आणि ती गेली तर घराचं रोजचं उत्पन्न जातं. ज्या गावात दर घरामागे जनावरं जास्त आणि त्यांना न्यायला उंचावरची जागा व वैरण नाही, ते गाव वेळेवर रिकामं होत नाही. हा निकष मला कुठल्याही परदेशी यादीत दिसलेला नाही आणि या खोऱ्यात तो टाळून चालणार नाही. गावाची दुसरी जागा आहे का, हेही नोंदवा. १९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या गेल्या. अशी जागा असणं ही त्या गावाची ताकद आहे. यादीत तिच्यामुळे असुरक्षिततेचे गुण कमी व्हायला हवेत.

सातवी पायरी: निकषांना वजन द्या

आता निर्णयपद्धती. सर्वांत रुळलेली म्हणजे थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली श्रेणीबद्ध विश्लेषण पद्धत, जिला सगळे एएचपी म्हणतात. सगळ्या निकषांना एकदम वजन द्यायचं नाही. एका वेळी दोनच घ्यायचे आणि विचारायचं: यातला कोणता जास्त महत्त्वाचा, आणि किती? १ म्हणजे दोन्ही सारखे, ३ थोडा जास्त, ५ बराच, ७ फार, ९ अतिशय. मधले आकडेही चालतात.

पूरप्रवणतेच्या चार थरांवर करून पाहू. समजा गटाने ठरवलं: उभी उंची ही अंतरापेक्षा २ पट, उतारापेक्षा ४ पट, जमीन वापरापेक्षा ५ पट महत्त्वाची. अंतर हे उतारापेक्षा ३ पट, जमीन वापरापेक्षा ४ पट. उतार जमीन वापरापेक्षा २ पट. हे ४ बाय ४ च्या तक्त्यात मांडा. उलट दिशेच्या घरांत व्यस्त आकडे येतील (१/२, १/४ वगैरे). प्रत्येक स्तंभाची बेरीज करा: १.९५, ३.५८, ८.५ आणि १२. प्रत्येक घराला त्याच्या स्तंभाच्या बेरजेने भागा आणि मग आडव्या ओळींची सरासरी काढा. वजनं येतात: उभी उंची ०.४९०, अंतर ०.३०५, उतार ०.१२६, जमीन वापर ०.०७९. बेरीज १.

आता सुसंगती तपासा. माणूस कधीकधी म्हणतो, अ हा ब पेक्षा मोठा, ब हा क पेक्षा मोठा, आणि शेवटी क हा अ पेक्षा मोठा. हे पकडण्यासाठी प्रत्येक स्तंभाची बेरीज त्या निकषाच्या वजनाने गुणून सगळं मिळवा. इथे ४.०७ येतं. त्यातून निकषांची संख्या ४ वजा करा आणि ३ ने भागा: सुमारे ०.०२२. चार निकषांसाठी साटींचा ठरलेला यादृच्छिक निर्देशांक (मतं अंदाधुंद दिली तर सरासरी किती विसंगती येईल तो आकडा) ०.९० आहे, त्याने भागा: सुमारे ०.०२५. हा आकडा ०.१० च्या आत असला की मतं सुसंगत. वर गेला तर आकडे गुपचूप फिरवू नका. गटाला पुन्हा बसवा आणि कुठे अडलं ते विचारा.

हीच कृती माणसांच्या निकषांवर करा: कच्ची घरं, मुलं-वृद्ध-आजारी यांचं प्रमाण, शेतमजूर कुटुंबं, दर घरामागे जनावरं, शेवटचा रस्ता किती फुटांना तुटतो, पाणी थांबण्याचे दिवस. सहा निकषांसाठी यादृच्छिक निर्देशांक १.२४.

ही वजनं कुणी द्यायची, यावर सगळा नकाशा उभा आहे. प्राध्यापक आणि अधिकारी एवढ्यांनाच विचारलंत तर घरं आणि रस्ते वर येतील. बचत गटातल्या बायकांना स्वतंत्र बसवून विचारा, पिण्याचं पाणी, वैरण, लहान मुलं हे वर येईल. बोट चालवणाऱ्यांना, तलाठ्यांना, पोलीस पाटलांना वेगवेगळं विचारा. मग सगळ्यांचे आकडे भूमितीय सरासरीने (आकड्यांचा गुणाकार करून, जितके आकडे तितक्यावं मूळ काढून) एकत्र करा. साध्या सरासरीने व्यस्त आकडे जुळत नाहीत.

आठवी पायरी: गुण एकत्र करा, पण डोळे झाकून नको

प्रत्येक निकष ० ते १ मध्ये आणा: गावाच्या आकड्यातून सर्वांत लहान आकडा वजा करा आणि सर्वांत मोठा व लहान यांच्या फरकाने भागा. दिशा सांभाळा. जनावरं जास्त म्हणजे असुरक्षितता जास्त, पण रस्ता उशिरा तुटतो म्हणजे कमी. तिथे उत्तर १ मधून वजा करायचं. मग वजनाने गुणून बेरीज.

बेरजेत एक मोठा दोष आहे. एका निकषातली वाईट अवस्था दुसऱ्यातल्या चांगल्याने झाकली जाते. एखाद्या गावात पक्की घरं पुष्कळ, शिक्षण चांगलं, पण ४५ फुटांना चारही बाजूंनी पाणी. बेरीज त्याला ‘मध्यम’ म्हणेल. मी अशा गावासाठी बेरीज पाहतच नाही. जे गाव बेट होतं ते थेट पहिल्या वर्गात, असा नियम आधीच लिहून ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं बुडाली. रस्ते गेल्यावर बाहेर पडणं किती जीवघेणं असतं, हे आपल्या भागाने पाहिलं आहे.

नववी पायरी: तपासा

गावांची यादी २०१९ आणि २०२१ च्या खुणांशी ताडून पाहा. खूण आठ फुटांवर आहे आणि नकाशा ‘कमी’ म्हणतो, अशी गावं वेगळी काढून तिथे पुन्हा जा. एकाच पुरावर वजनं बेतून त्याच पुरावर तपासू नका. २०१९ वर बेतलं असेल तर २०२१ वर तपासा. मग प्रत्येक वजन पाचव्या हिश्श्याने कमी-जास्त करून यादी पुन्हा काढा. पहिली दहा गावं तीच राहिली तर निष्कर्ष भक्कम. मध्ये हलणाऱ्या गावांपुढे ‘अनिश्चित’ असं स्पष्ट लिहा.

दहावी पायरी: नकाशा ज्यांचा आहे त्यांना द्या

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला प्रत द्या, पण गावात नेताना रंगीत नकाशापेक्षा एक तक्ता न्या. गाव, कोणता रस्ता किती फुटांना जातो, जनावरं किती फुटांना हलवायची, माणसं किती फुटांना, कुठे आणि कोणत्या वाटेने. १ मेच्या ग्रामसभेत तो भिंतीवर लावा, शेजारी पेन बांधून ठेवा आणि लोकांना त्यावर खाडाखोड करू द्या. मे अखेरीला तो खाडाखोड केलेला कागद उतरवून आणा, फुटांचे आकडे दुरुस्त करा, यादी पुन्हा चालवा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत नवी प्रत तिथे परत लावा.